जिथून पळता येत नाही: रुग्णालयांच्या सुरक्षिततेचा इतिहास

रुग्णालयाची इमारत इतर सार्वजनिक इमारतींहून एका बाबतीत वेगळी असते. आग लागली, जमीन हादरली किंवा वीज गेली, तरी आतली बरीच माणसे आपल्या पायांनी बाहेर पडू शकत नाहीत. कुणाच्या मोडलेल्या पायाला वजन टांगलेले असते, कुणी भुलीखाली असतो, कुणाचा श्वास यंत्रावर चाललेला असतो. नाट्यगृह, शाळा, गिरणी, बाजार यांच्यासाठी सुरक्षेचे नियम घडले ते माणसे झटपट बाहेर कशी काढता येतील या हिशेबाने. रुग्णालयाला तो हिशेब लागू पडत नाही. दुसरी अडचणही तितकीच मोठी आहे. शाळेला सुट्टी असते, गिरणीला साप्ताहिक बंद असतो, पण रुग्णालयाला टाळे लावून डागडुजी करता येत नाही. नवा मजला चढवायचा, गळकी वाहिनी बदलायची, जुने वायरिंग काढायचे, ते सगळे रोगी आत असतानाच. या दोन अडचणींवर उपाय शोधण्याचा इतिहास सुमारे अडीचशे वर्षांचा आहे, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक नियम कुठल्या ना कुठल्या दुर्घटनेनंतर लिहिला गेलेला आहे.

पॅरिसमध्ये सीन नदीतल्या बेटावर ओतेल-द्यू हे मध्ययुगापासूनचे रुग्णालय होते. अठराव्या शतकात तिथे एकेका पलंगावर चार-चार, कधी सहा-सहा रोगी निजत. १७३७ मध्ये त्याला मोठी आग लागली आणि १७७२ च्या डिसेंबरअखेरीस दुसरी. दुसऱ्या आगीनंतर हे रुग्णालय तिथेच पुन्हा बांधावे की शहरात इतरत्र हलवावे, यावर बरीच वर्षे वाद चालला. अखेर विज्ञान अकादमीची समिती बसली. तिच्यात लाव्हाझिए, लाप्लास, कूलाँ यांच्यासारखे शास्त्रज्ञ होते. समितीतला शल्यवैद्य झाक तेनाँ याने १७८८ मध्ये पॅरिसच्या रुग्णालयांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात पलंगाच्या लांबीपासून पायरीच्या उंचीपर्यंत सगळ्याचा विचार आजारी माणसाच्या शरीराला धरून केला. एकच अवाढव्य इमारत नको, सुट्या लांबट इमारती असाव्यात आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा असावी, असा आराखडा या चर्चेतून पुढे आला. त्यामागचे मुख्य कारण हवेचे होते, कारण दूषित हवेने रोग पसरतात अशी तेव्हाची समजूत होती. ती समजूत पुढे चुकीची ठरली, आराखडा मात्र टिकला. एका इमारतीतली आग दुसरीत सहजी पोचत नाही आणि एका इमारतीचे काम चालू असताना रोगी दुसरीत हलवता येतात, हे त्याचे न मागता मिळालेले फायदे होते.

क्रिमियाच्या युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या आराखड्याचा हिरिरीने पुरस्कार केला, आणि ब्रिटिश साम्राज्यात तो सर्वत्र पसरला. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्यात उभ्या राहिलेल्या सरकारी रुग्णालयांच्या दगडी इमारतींत त्याच विचाराची छाप दिसते. पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ चे. उंच छत, समोरासमोर खिडक्या, वॉर्डाला लागून व्हरांडा, ही त्या काळच्या रुग्णालयांची ठेवण. अशा वॉर्डात धूर वर जातो, खिडकीतून बाहेर पडतो आणि खाटा व्हरांड्यात ओढता येतात. हे कुणी नियमपुस्तकात लिहिले नव्हते. म्हणूनच विसाव्या शतकात छत खाली आले, खिडक्या बंद झाल्या आणि व्हरांडे भिंती घालून खोल्यांत बदलले, तेव्हा आपण काय गमावतो आहोत हे फारसे कुणाच्या ध्यानात आले नाही.

दरम्यान धोका शस्त्रक्रियागृहात शिरला होता. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये ईथरच्या भुलीखाली जाहीर शस्त्रक्रिया झाली, आणि वैद्यकाला वरदान मिळाले. पण ईथरची वाफ ज्वालाग्राही. तिच्यात ऑक्सिजन मिसळला की स्फोटक. १९३० च्या दशकात वापरात आलेला सायक्लोप्रोपेन वायू त्याहून धोकादायक होता. रबरी चाकांच्या टेबलावर, लोकरी पांघरुणाखाली साठलेल्या स्थिर विद्युतभाराची एक ठिणगी पुरे होई, आणि स्फोट होई तो रोग्याच्या फुफ्फुसांत. यावर उपाय म्हणून शस्त्रक्रियागृहांत विद्युतभार जमिनीत वाहून नेणारी फरशी आली, कार्बन मिसळलेल्या रबराच्या नळ्या आल्या, सुती कपड्यांची सक्ती झाली, विजेची बटणे भिंतीवर उंचावर गेली. १९५६ मध्ये न पेटणारे हॅलोथेन वापरात आले आणि तो धोका हळूहळू ओसरला. रोगी बरा करणारा पदार्थच इमारतीचा शत्रू ठरू शकतो, हा या प्रकरणाचा धडा होता. पण तो शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर गेला नाही. त्याची किंमत अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराने १९२९ मध्येच मोजली होती.

क्लीव्हलंड क्लिनिक १९२१ मध्ये जॉर्ज क्राइल आणि त्यांच्या तीन सहकारी डॉक्टरांनी सुरू केले. तळघरातल्या एका खोलीत क्ष-किरण चित्रांचा मोठा साठा होता. त्या काळची फिल्म नायट्रोसेल्युलोजची असे. या पदार्थाचे बंदुकीच्या दारूशी जवळचे नाते आहे. तो तापला की ज्वाळेशिवायही विघटित होऊ लागतो, त्यासाठी बाहेरचा ऑक्सिजन लागत नाही आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड व नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे बाहेर पडतात. १५ मे १९२९ च्या सकाळी या खोलीतली वाफेची वाहिनी गळत असल्याचे आढळले आणि दुरुस्तीसाठी माणूस बोलावला गेला. त्याने वाहिनीवरचे आवरण काढले. वाहिनी फार गरम असल्याने ती निवू द्यावी म्हणून तो निघून गेला. परत आला तेव्हा खोलीत धूर होता. आग उघड्या वाहिनीच्या उष्णतेने लागली, विजेच्या उघड्या दिव्याने लागली की सिगारेटने, हे नक्की ठरले नाही. मग स्फोट झाले. भिंतींतल्या वाहिन्यांच्या मार्गांतून आणि इमारतीच्या मधल्या पोकळीतून पिवळसर वायू वरच्या मजल्यांवर पोचला. १२३ माणसे मेली, संस्थापकांपैकी डॉ. जॉन फिलिप्स त्यांतले एक. कित्येक जण आपल्या पायांनी बाहेर आले, बरे वाटते म्हणून घरी गेले आणि काही तासांनी किंवा दिवसांनी फुफ्फुसांत पाणी भरून दगावले.

या दुर्घटनेत पुढच्या शतकातल्या जवळजवळ सगळ्या दुर्घटनांची बीजे आहेत. साठवणीचा माल तळघरात होता. देखभालीचे काम सुरू करून मध्येच सोडलेले होते, आणि ते चालू असताना खोलीतला ज्वालाग्राही माल हलवावा असे कुणाला वाटले नव्हते. मजल्यामजल्यांना जोडणारी भोके बुजवलेली नव्हती. सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे सहजी न पेटणारी, अ‍ॅसिटेटची क्ष-किरण फिल्म १९२४ पासून बाजारात मिळत होती. अमेरिकी लष्कराच्या रासायनिक युद्ध विभागाने घटनेची चौकशी करून अहवाल छापला. कोणता वायू किती निघाला, कोणत्या वाटेने गेला, शरीरावर त्याचा काय परिणाम झाला, हे त्यात आले. त्यानंतर रुग्णालये झपाट्याने सुरक्षित फिल्मकडे वळली आणि जुन्या फिल्मच्या साठवणुकीवर कडक नियम आले. ज्ञान आधीपासून उपलब्ध असते, ते अमलात यायला प्रेते मोजावी लागतात, ही या क्षेत्राची कायमची व्यथा आहे.

वॉर्डांच्या रचनेकडे लक्ष जायला आणखी वीस वर्षे लागली. ४ एप्रिल १९४९ च्या रात्री इलिनॉय राज्यातल्या एफिंगहॅम गावच्या सेंट अँथनी रुग्णालयाला आग लागली. जिने उघडे, मळके कपडे खाली टाकायचा उभा बोगदा मजल्यांमधून गेलेला, छताला ज्वालाग्राही फरशा. आगीने जिन्यांची आणि बोगद्याची धुराडी केली. सत्तरहून अधिक माणसे गेली. नवजात बाळांच्या खोलीतले एकही बाळ वाचले नाही, आणि त्यांच्याजवळून हलायला नकार देणारी तरुण परिचारिकाही त्यांच्याबरोबर गेली. इमारत जुनी होती, म्हणून हे घडले असा समज करून घेणे सोपे होते. पण १९६१ च्या ८ डिसेंबरला कनेटिकटमधल्या हार्टफर्ड रुग्णालयात तेच पुन्हा घडले, आणि ही इमारत आधुनिक होती, अग्निरोधक सांगाड्याची होती. कचरा टाकण्याच्या बोगद्यात पेटलेली आग नवव्या मजल्यावर दार फोडून बाहेर आली आणि छताच्या फरशांवरून, भिंतींच्या आवरणावरून मार्गिकाभर धावली. १६ जण मेले. तपासात एक गोष्ट स्पष्ट दिसली. ज्या खोल्यांची दारे परिचारिकांनी किंवा रोग्यांनी लावून घेतली होती, त्या खोल्यांतली माणसे जगली.

एवढ्या साध्या निरीक्षणावर आजचे रुग्णालय-सुरक्षेचे शास्त्र उभे आहे. माणसे बाहेर काढण्याऐवजी आग आणि धूर त्यांच्यापासून दूर ठेवायचा. प्रत्येक मजल्याचे धूर-रोधक भिंतींनी किमान दोन भाग करायचे, मधली दारे आपोआप मिटणारी ठेवायची, आणि पेटलेल्या भागातल्या खाटा जिन्याने खाली न नेता त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या भागात ढकलायच्या. जिन्याने एक रोगी उतरवायला तीन-चार माणसे लागतात, खाट ढकलायला एक किंवा दोन पुरतात. रात्रपाळीला एका वॉर्डात दोन परिचारिका असतात, हे वास्तव धरून केलेला हा विचार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निप्रतिबंधक संघटनेची १९२७ ची निर्गम-संहिता १९६६ मध्ये ‘जीवितसुरक्षा संहिता’ या नव्या नावाने आली. त्या नावातच बदललेला दृष्टिकोन दिसतो. बाहेर पडण्याचा मार्ग हे आता अनेक उपायांपैकी एक झाले होते.

बांधकामाचा धोका आगीहून वेगळा, आणि अधिक छुपा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने रुग्णालय-बांधणीला सरकारी पैसा मिळाला आणि त्याबरोबर बांधकामाची किमान मानके आली. दोन-तीन दशकांत त्या इमारतींचे विस्तार आणि नूतनीकरण सुरू झाले. नेमक्या त्याच काळात मूत्रपिंडरोपण आणि रक्ताच्या कर्करोगावरचे उपचार वाढले होते. या रोग्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. १९७० च्या दशकात डॉक्टरांना दिसू लागले की जवळपास तोडफोड सुरू झाली की अशा रोग्यांना अ‍ॅस्परजिलस या बुरशीचा न्यूमोनिया होतो. या बुरशीचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे. जुन्या छताच्या पोकळीत, भिंतीतल्या ओलीत, वातानुकूलनाच्या नळ्यांत ते वर्षानुवर्षे निपचित पडून असतात. छताची एक फरशी उचलली तरी ते हवेत उधळतात आणि तासन्‌तास तरंगतात. धडधाकट माणसाला त्यांचा त्रास होत नाही, अस्थिमज्जारोपण झालेल्याचा मात्र ते जीव घेतात. गवंड्याच्या अंगावरची धूळ लिफ्टमधून वरच्या मजल्यावर जाते आणि तिथे रोगी मरतो, हा कार्यकारणसंबंध सिद्ध करायला संसर्गतज्ज्ञांना बरीच झुंज द्यावी लागली. ठेकेदार, अभियंता आणि डॉक्टर तोवर एका टेबलाशी बसतच नव्हते.

या झुंजीतून कामापूर्वी संसर्ग-जोखीम तपासण्याची पद्धत रुजली. आधी कामाचा प्रकार ठरवायचा: नुसती पाहणी, थोडी धूळ उडवणारे काम, की भिंत पाडणे. मग शेजारी, वर आणि खाली कोणते रोगी आहेत ते पाहायचे. दोन्हींच्या मेळातून बंदोबस्त ठरतो. साध्या कामाला ओले फडके पुरते. मोठ्या कामाला छतापर्यंत भक्कम आडभिंत, कामाच्या जागेतली हवा गाळून बाहेर फेकणारे यंत्र आणि त्यामुळे आतला दाब बाहेरपेक्षा कमी, म्हणजे हवा वॉर्डातून कामाकडे जाईल, कामाकडून वॉर्डात येणार नाही. राडारोडा झाकलेल्या गाडीतून, रोग्यांच्या लिफ्टने न नेता वेगळ्या वाटेने. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत अमेरिकेच्या बांधकाम-मार्गदर्शिकेत आणि रोगनियंत्रण केंद्राच्या २००३ च्या शिफारशींत आली. भारतात रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या मंडळाच्या निकषांतही ती आली आहे. पण बहुसंख्य रुग्णालये त्या मानांकनाच्या बाहेर आहेत. आपल्याकडे रोग्याच्या खाटेपासून चार हातांवर, जुनी चादर आडवी बांधून टाइल्स कापल्या जातात, हे दृश्य दुर्मीळ नाही. त्याने नेमके किती जण दगावतात याची मोजदाद होत नाही, आणि मोजले जात नाही ते घडत नाही असा आपला गोड समज राहतो.

नव्या कामाचा आणखी एक धोका भिंतीच्या आत असतो. कॅनडातल्या सडबरी शहरात १९७३ मध्ये रुग्णालयाच्या नव्या आपत्कालीन विभागात ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइड यांच्या वाहिन्यांची अदलाबदल झाली. ‘ऑक्सिजन’ असे लिहिलेल्या तोंडातून भुलीचा वायू येत होता आणि अनेक महिने कुणाच्या लक्षात आले नाही. अत्यवस्थ रोगी मेला की तो आजाराने मेला असेच वाटे. २०१६ मध्ये इंदूरच्या एका सरकारी रुग्णालयातल्या नव्या शस्त्रक्रियागृहात असाच प्रकार होऊन दोन बालके दगावली. नवी वाहिनी सुरू करण्यापूर्वी प्रत्येक तोंडावर वायू-विश्लेषक लावून आत काय येते ते तपासायचे, आणि ते काम वाहिनी टाकणाऱ्या ठेकेदाराने न करता त्रयस्थाने करायचे, हा नियम फार स्वस्त आहे. तो मोडला की मात्र काही मिनिटांत जीव जातो.

भूकंपाने शिकवलेला धडा कॅलिफोर्नियातला. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी सकाळी सहा वाजता सॅन फर्नांडो खोऱ्यात ६.६ तीव्रतेचा धक्का बसला. माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या १९२० च्या दशकातल्या इमारती कोसळून चाळीसहून अधिक माणसे मेली. ते जुने बांधकाम होते. हादरवून टाकले ते ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाने. ही इमारत जेमतेम महिन्याभरापूर्वी सुरू झाली होती आणि चालू नियमांप्रमाणे बांधलेली होती. तिचे जिन्यांचे मनोरे मूळ इमारतीपासून सुटून बाहेर कलंडले, खालच्या मजल्याचे खांब वाकले, जनरेटर निकामी झाले आणि श्वसनयंत्रावरचे दोन रोगी वीज गेल्याने मेले. शहराला रुग्णालयाची सर्वाधिक गरज असताना रुग्णालयच जखमी होऊन पडले होते. त्यानंतर कॅलिफोर्नियाने केलेला कायदा १९७३ मध्ये लागू झाला. रुग्णालय नुसते उभे राहून भागणार नाही, भूकंपानंतर त्यात काम चालू राहिले पाहिजे, ही त्याची अट होती. साध्या इमारतीसाठी ‘माणसे मरू नयेत’ एवढी अपेक्षा असते. रुग्णालयाकडून त्याहून जास्त मागणारा हा मोठा टप्पा होता.

ऑलिव्ह व्ह्यू त्याच जागी पोलाद आणि काँक्रीटने भक्कम बांधले गेले. १७ जानेवारी १९९४ रोजी नॉर्थरिजच्या भूकंपाने त्याची परीक्षा घेतली. सांगाडा जवळजवळ शाबूत राहिला, पण छतातल्या अग्निशमन फवाऱ्यांच्या आणि थंड पाण्याच्या वाहिन्या फुटल्या, मजल्यांवर पाणी साचले आणि तीनशेहून अधिक रोगी हलवावे लागले. त्यानंतरच्या कायद्यात खांबांइतकेच लक्ष वाहिन्या, छत, कपाटे, बॉयलर आणि टाक्या यांच्या बांधणीवर दिले गेले. त्याआधी, १९८५ च्या १९ सप्टेंबरला मेक्सिको सिटीत हुआरेस रुग्णालयाचा मनोरा कोसळून शेकडो माणसे गाडली गेली होती. त्या ढिगाऱ्यांतून काही नवजात बाळे अनेक दिवसांनी जिवंत निघाली. त्या आघातातून अखिल अमेरिकी आरोग्य संघटनेने सुरक्षित रुग्णालयांची मोहीम चालवली, आणि २००८ मध्ये ‘रुग्णालय सुरक्षा निर्देशांक’ ही कोणत्याही देशाला वापरता येईल अशी तपासणीसूची तयार केली.

महाराष्ट्रात दख्खनच्या पठाराला भूकंपाचे भय नाही अशी समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेने ती मोडली, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने पुसून टाकली. भारतीय मानकात रुग्णालयाची इमारत साध्या इमारतीच्या दीडपट भूकंपबलासाठी आखावी असे सांगितलेले आहे. मात्र मानक कागदावर असणे आणि इमारत तशी असणे यांतले अंतर २६ जानेवारी २००१ रोजी भुजमध्ये दिसले. तिथले जिल्हा रुग्णालय रोग्यांसह कोसळले आणि जखमींवर मोकळ्या मैदानात उपचार करावे लागले. त्या जागी नवे रुग्णालय बांधताना इमारत आणि पाया यांच्यामध्ये शिसे-रबराचे बेअरिंग बसवण्यात आले. रबर आणि पोलादाचे एकावर एक थर, मध्ये शिशाचा गाभा. जमीन हलली की बेअरिंग आडवे ताणले जाते, शिसे त्यातली ऊर्जा शोषते आणि वरच्या मजल्यांपर्यंत हादरा सौम्य होऊन पोचतो. भारतात हे तंत्र वापरलेल्या पहिल्या मोठ्या रुग्णालयांपैकी ते एक आहे.

पाण्याची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण चूक सगळीकडे एकच आहे. जड यंत्रे खाली ठेवणे सोयीचे असते म्हणून जनरेटर, विजेचे मुख्य फलक, इंधनाचे पंप तळघरात जातात. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या मेमोरियल रुग्णालयात पुराने वीज गेली आणि पाणी ओसरल्यावर तिथून ४५ मृतदेह निघाले. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयात जनरेटर वर होते, पण इंधनाचे पंप तळघरात होते. तीनशेहून अधिक रोगी अंधाऱ्या जिन्याने उतरवले गेले, आणि परिचारिकांनी नवव्या मजल्यावरची २० नवजात बाळे, त्यांतल्या काहींना हाताने श्वास देत, खाली आणली. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी एका कोविड रुग्णालयात शिरले, वीज बंद पडली आणि तिथे आठ रोग्यांचे मृत्यू नोंदले गेले.

भारतातल्या रुग्णालयांमधल्या आगींचा इतिहास ९ डिसेंबर २०११ च्या पहाटेपासून सांगितला जातो. कोलकात्यातल्या एएमआरआय रुग्णालयाच्या तळघरात, गाड्या लावण्याच्या जागेत, साठवलेल्या मालाने पेट घेतला. वातानुकूलनाच्या नळ्यांनी धूर वर नेला. दर्शनी भिंत काचेची, न उघडणारी. नव्वदच्या आसपास माणसे, बहुतेक सगळी धुराने गुदमरून, गेली. केरळच्या दोन परिचारिकांनी आठ रोगी बाहेर काढले आणि पुन्हा आत गेल्या, त्या परतल्या नाहीत. उंच छत आणि उघड्या खिडक्यांच्या वॉर्डाने जे आपोआप केले असते, ते बंद इमारतीत धूर-रोधक पडदे, धूर खेचणारे पंखे आणि नळीतली आपोआप मिटणारी झडप यांनी करावे लागते. ही साधने नसतील किंवा बंद असतील, तर काचेची इमारत हा सापळा आहे.

महाराष्ट्रात आगप्रतिबंधाचा कायदा २००६ चा, अंमल डिसेंबर २००८ पासून. या कायद्यान्वये इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र अग्निशमन विभागाला द्यायचे असते. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० पासून आहे आणि २०१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. म्हणजे नियमांचा तुटवडा नव्हता. तरी १७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरीच्या कामगार रुग्णालयात, बांधकाम चालू असतानाच आग लागली आणि किमान आठ जीव गेले. चालू रुग्णालयात बांधकाम करताना लागणारी खास दक्षता, म्हणजे वेल्डिंगसाठी त्या दिवसापुरता लेखी परवाना, शेजारी पाण्याची तयारी, काम संपल्यावरही काही वेळ पहारा आणि ज्वालाग्राही माल इमारतीबाहेर, ही आपल्याकडच्या ठेक्याच्या अटींत क्वचितच स्वतंत्र रकमेने मांडलेली असते. ज्याला पैसे नाहीत ते काम होत नाही.

मग कोविड आला. अतिदक्षता कक्ष काही आठवड्यांत उभे राहिले. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो चार-पाच टक्क्यांनी वाढला तरी कापड, फोम, प्लास्टिक फार लवकर आणि फार जोराने पेटतात. उच्च प्रवाहाने ऑक्सिजन देणारे यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत वायू सोडते आणि त्यातला बराचसा खोलीतच राहतो. बाहेरची हवा आत आणण्याची सोय नसलेल्या बंद खोलीत, भिंतीवरचा साधा एअर कंडिशनर तीच हवा फिरवत राहतो. त्याच्या तारा कित्येक दिवस अखंड तापलेल्या असतात. ऑगस्ट २०२० मध्ये अहमदाबादला आणि नोव्हेंबरमध्ये राजकोटला कोविड रुग्णालये पेटली. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक कोविड रुग्णालयात अग्निसुरक्षेसाठी जबाबदार अधिकारी नेमण्याचा आणि नियमित तपासणीचा आदेश दिला. तीन आठवड्यांनी, ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे, भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. १७ बाळांपैकी सात वाचवता आली, दहा गेली. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. मार्चमध्ये भांडुपच्या मॉलमधले रुग्णालय, २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजन टाकीची गळती आणि दाब पडून किमान २२ मृत्यू, २३ एप्रिलला विरारचा अतिदक्षता कक्ष, ६ नोव्हेंबरला अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालय. नाशिकमध्ये ज्वाळा नव्हती. तिथे एकाच टाकीवर सगळ्यांचा श्वास टांगलेला होता, आणि ती बंद पडल्यास तत्काळ जोडता येईल असा सिलिंडरांचा पर्यायी संच पुरेसा नव्हता. भंडाऱ्यापासूनची ही सर्व मालिका एकाच राज्यातली, एकाच वर्षातली आहे.

माणसांना काय करता येते याचेही उदाहरण महाराष्ट्रात आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना एका लहान खोलीत हलवले, दार लावून घेतले आणि त्यांना शांत ठेवले. त्या सर्वजणी वाचल्या. धोका आगीचा नव्हता, तरी उपाय तोच: रोगी आहे त्या मजल्यावरच आडोशाला न्यायचा आणि दार बंद करायचे. वॉर्डातल्या माणसाला हे आधीपासून ठाऊक आणि सरावाचे असेल, तर रात्री अडीच वाजता वरिष्ठांच्या फोनची वाट पाहावी लागत नाही.

फायर ऑडिट म्हणजे इमारतीची एका दिवसाची नोंद असते. पुढच्या महिन्यात नवा एअर कंडिशनर बसला, वॉर्डात दहा खाटा वाढल्या, बाहेर पडायच्या दारापुढे जुनी कपाटे आली की ती नोंद खोटी ठरते. म्हणून प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात काम थांबवण्याचा अधिकार असलेला, तिथेच नेमणूक असलेला अभियंता हवा. विजेच्या भाराची मोजणी करणे, ऑक्सिजनच्या वाहिन्या तपासणे, रात्रपाळीसह कवायत घेणे आणि दुरुस्तीच्या प्रत्येक कामाआधी डॉक्टर-परिचारिकांबरोबर बसणे, हे त्याचे पूर्णवेळ काम असावे. आणि भंडारा, नाशिक, विरार, अहमदनगर येथील चौकशांचे निष्कर्ष, तारांच्या जाडीपासून दारांच्या दिशेपर्यंत सर्व तपशिलांसह, मराठीत छापून राज्यातल्या प्रत्येक रुग्णालयाच्या देखभाल विभागापर्यंत शासनाने पोचवावेत.